हरणारा खेळाडू जपताना

"मामा, याले किल्लेकोटच येत नाही!"

वडनेरला बहिणीच्या ओसरीवर भाच्याने ही घोषणा केली, तेव्हा त्याच्या आवाजात कीव आणि विजय दोन्ही होतं. पोरगं नववीत आहे. पट लाकडी, सोंगट्या प्लास्टिकच्या, एका हत्तीचं डोकं उडालेलं. समोर माणूस नाही, लॅपटॉप आहे, आणि लॅपटॉपवरही पटाचं चित्र नाही. सहा लाल आकडे आणि त्यांच्याखाली बटणांचा एक चौकोन, बस्स. ओळी आणि घरं शून्यापासून मोजायची. '०एफ १३ ३३' असं उमटलं की समजायचं, यंत्राने राजापुढचं प्यादं ओळ १ घर ३ मधून ओळ ३ घर ३ मध्ये नेलं. आपण उत्तरादाखल '६३ ४३' दाबायचं. पडदा म्हणतो '१एफ ६३ ४३'. म्हणजे त्याला कळलं: तुझंही राजाचंच प्यादं, दोन घरं पुढे. मग सोंगट्या आपल्या हाताने सरकवायच्या, स्वतःच्याही आणि त्याच्याही.

या खेळाडूचं नाव मायक्रोचेस. कॅनडातल्या टोरांटोच्या पीटर जेनिंग्सने तो लिहिला आणि डिसेंबर १९७६ पासून १० डॉलरला विकला. घरगुती संगणकासाठी पैसे मोजून विकला गेलेला हा पहिलाच बुद्धिबळ प्रोग्राम. ज्या यंत्रासाठी तो लिहिला त्याचं नाव किम-१. उघडं सर्किट बोर्ड, त्यावर ६५०२ नावाचा प्रोसेसर, वेग १ मेगाहर्ट्झ आणि स्मरणशक्ती १,१५२ बाइट. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह आजच्या पद्धतीने साठवायला ३ बाइट लागतात. म्हणजे तुम्ही आत्ता वाचताय तो परिच्छेदसुद्धा त्या यंत्रात मावला नसता. एवढ्या जागेत जेनिंग्सने पट बसवला, सोंगट्यांच्या चाली बसवल्या, आपली खेळी, समोरच्याचं उत्तर आणि त्यापुढची मारामारी तपासणारं डोकं बसवलं. किल्लेकोटाला जागा उरली नाही. प्याद्याचा वजीर करायलाही नाही.

"येत नाही असं नाही," मी म्हटलं, "त्याले शिकवलाच नाही."

"मंग मी करू का नको?"

करायचा. त्या जुन्या पुस्तिकेत सोय सांगितलेली आहे: राजाची चाल वेगळी दाबा, हत्तीची वेगळी दाबा. यंत्र निमूटपणे मान्य करतं. नियम मोडला की पाळला, हे त्याला कळतच नाही. भाच्याला यात अप्रामाणिकपणाच्या मोठ्या शक्यता दिसल्या आणि पुढची काही मिनिटं त्याने त्या मन लावून तपासल्या.

वडनेर हिंगणघाट तालुक्यातलं, नागपूर–हैदराबाद रस्त्यावरचं गाव. पूर्वीचा सात नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, आता ४४. दिवाळीच्या सुमारास इकडे घरोघर कापूस येऊन पडलेला असतो आणि ओसरीवर बसायला जागा शोधावी लागते. बुद्धिबळ या भागात नवं नाही, पण सध्या त्याला वेगळाच भाव आला आहे. २८ जुलै २०२५ ला नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. नागपूर इथून तासा-दीड तासावर. तेव्हापासून भाच्याच्या मोबाइलवर बुद्धिबळाचं अ‍ॅप आहे आणि त्यातलं इंजिन त्याला रोज न चुकता हरवतं. मायक्रोचेसला हरवल्यावर तो एवढा का खूश झाला, ते यावरून कळेल.

माझा स्वार्थ वेगळा होता. मला बघायचं होतं की पन्नास वर्षांपूर्वीचा एक खेळाडू, ज्याचं मूळ यंत्र आम्हा दोघांनीही कधी पाहिलेलं नाही, वडनेरच्या ओसरीवर खरंच खेळायला बसतो का. बसला. त्यामागे बऱ्याच लोकांचे बरेच कष्ट आहेत, आणि हा लेख त्या कष्टांबद्दल आहे.

*

बुद्धिबळाने स्वतःची आठवण फार चांगली ठेवली आहे. डाव लिहून ठेवायची सवय या खेळाला शतकानुशतकांची आहे. १९९३ साली स्टीव्हन एडवर्ड्सने पीजीएन ही साधी मजकुराची पद्धत ठरवली आणि तेव्हापासून कुठलाही डाव कुठल्याही संगणकात उघडतो. मॉर्फीचे डाव आहेत, कापाब्लांकाचे आहेत. पण कापाब्लांका नाही. त्याच्यासमोर बसून 'मी इथे उंट मारला असता तर तुम्ही काय केलं असतं?' असं विचारता येत नाही. माणसाच्या बाबतीत आपण ते गृहीतच धरतो.

प्रोग्रामच्या बाबतीत ते गृहीत धरायचं कारण नाही. बुद्धिबळाच्या इतिहासात हा एकच खेळाडू असा, की तो लिहिणारा गेला, ज्या यंत्रावर चालायचा ते भंगारात गेलं, तरी त्याला पुन्हा पटावर बसवता येतं आणि तो तेव्हा खेळला असता तीच खेळी आजही खेळतो. त्याचा डाव जपणं सोपं, पण अपुरं. जपायचा तो खेळाडू. आणि माझं म्हणणं असं की त्यातही आधी जपायचे ते हरणारे. आजचं स्टॉकफिश हे इंजिन जपायची काळजी नको. ते खुलं आहे, त्याच्या प्रती जगभर पसरलेल्या आहेत. पण स्टॉकफिशच्या खेळीकडे पाहून माणसाला काहीच कळत नाही, ती बरोबर असते एवढंच कळतं. मायक्रोचेस चुकतं तेव्हा कुणाला काय सुचलं होतं, कुठे जागा संपली, कशावर पाणी सोडलं, हे सगळं उघडं दिसतं.

एक प्रोग्राम तर यंत्राशिवायच जन्मला. १९४८ मध्ये अ‍ॅलन ट्युरिंग आणि त्याचा मित्र डेव्हिड चॅम्परनाउन यांनी बुद्धिबळ खेळण्याचे नियम तयार केले: कुठल्या चाली पुढपर्यंत तपासायच्या, कशाला किती गुण द्यायचे. दोघांच्या नावावरून त्याला ट्युरोचॅम्प म्हणतात. तो चालवू शकेल असा संगणक हाताशी नव्हता, म्हणून १९५२ मध्ये ट्युरिंग स्वतःच संगणक झाला. समोर संगणकतज्ज्ञ अ‍ॅलिक ग्लेनी. ट्युरिंग कागदावर हिशोब करी, एकेका खेळीला अर्धा तास लागे, आणि जे उत्तर निघेल ते मुकाट्याने खेळे. २९ खेळ्यांत त्याचा प्रोग्राम हरला. १९५३ मध्ये हे नियम एका इंग्रजी पुस्तकातल्या प्रकरणात छापले गेले आणि पुढच्याच वर्षी ट्युरिंग गेला.

पन्नासेक वर्षांनी हॅम्बुर्गच्या चेसबेस कंपनीच्या लोकांनी त्या छापील नियमांवरून प्रोग्राम पुन्हा उभा केला. नोंदलेला डाव हाताशी होताच, पडताळा घ्यायचा एवढंच बाकी. पण काही खेळ्या जुळेनात. त्यांनी आपल्या प्रोग्राममधली चूक शोधली, सापडली नाही. युनिक्स लिहिणारा केन थॉम्पसन हा जुना बुद्धिबळ-यंत्रकार. त्यानेही ट्युरिंगच्या नियमांवरून स्वतंत्रपणे असाच प्रोग्राम केला होता. त्याच्याकडेही गाडी त्याच जागी अडली. शेवटी निष्कर्ष निघाला तो फार मानवी होता: चूक ट्युरिंगची असावी. अर्ध्या तासाच्या हिशोबात ज्या चाली उघडच वाईट दिसल्या, त्या त्याने बहुधा मोजल्याच नाहीत. नियम स्वतःचे असूनही कंटाळा केला.

आता यातलं जपायचं काय? छापलेले नियम, की ट्युरिंगने कंटाळून खेळलेला डाव? मला विचाराल तर दोन्ही, आणि त्यांच्यातली विसंगती तर आधी. जून २०१२ मध्ये ट्युरिंगच्या जन्मशताब्दीला मँचेस्टरमध्ये गॅरी कास्पारोव्ह या पुनर्जन्म घेतलेल्या प्रोग्रामशी खेळला आणि १६ खेळ्यांत त्याला मात दिली. खेळ म्हणून त्यात राम नव्हता. पण साठ वर्षांपूर्वी कागदावर राहिलेला खेळाडू माजी विश्वविजेत्याच्या समोर बसला, ही गोष्ट बुद्धिबळातच घडू शकते.

*

कागद हा या सगळ्या कथेतला खरा नायक आहे, असं मला दिवसेंदिवस वाटू लागलं आहे. कोण वाचलं आणि कोण हरवलं याचा हिशोब मांडला तर खेळाची ताकद, प्रसिद्धी, खर्च, यांपैकी कशाचाच संबंध लागत नाही. जे छापलं गेलं किंवा जे वाटलं गेलं, ते टिकलं.

सगळ्यांत नावाजलेलं यंत्र घ्या. ११ मे १९९७ रोजी आयबीएमच्या डीप ब्लूने कास्पारोव्हला साडेतीन–अडीच असं हरवलं. त्यात बुद्धिबळासाठी खास घडवलेल्या ४८० चिप होत्या. सेकंदाला २० कोटी स्थिती तपासण्याची ताकद होती. (या यंत्राचे पूर्वज कार्नेगी मेलन विद्यापीठात घडले. १९८८ मध्ये बेंट लार्सनला हरवणाऱ्या डीप थॉटच्या चमूत थॉमस अनंतरामन हा आपल्याकडचा माणूस होता, हे आपण फारसं सांगत नाही.) सामना संपला आणि डीप ब्लू पुन्हा स्पर्धेत उतरलाच नाही. त्याचं एक कपाट आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, दुसरं कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये. काळी, उंच, देखणी. पण त्या कपाटाशी कुणी डाव मांडू शकत नाही. त्याची बरीचशी अक्कल त्या चिपांच्या तारांमध्येच कोरलेली होती. ती कागदावर उतरवून कुणाच्या हाती दिली गेली नाही.

उलट १,१५२ बाइटांतलं मायक्रोचेस वडनेरला खेळतं आहे. का? कारण जेनिंग्सने १० डॉलरला जे विकलं ते मुख्यतः एक पुस्तिका होती. तिच्यात प्रोग्रामची पूर्ण यादी छापलेली, कुठला तुकडा काय करतो याच्या टिपांसह. गिऱ्हाइकाने ती समोर धरायची आणि एकेक संख्या बटणांनी किम-१ मध्ये भरायची. वीज गेली की सगळं पुसलं जायचं. कॅसेटवर भरून ठेवलं नसेल तर पुन्हा पहिल्यापासून. मध्ये एक आकडा चुकला की उंट भलतीकडेच जायचा. या जाचातून प्रत्येक विकत घेणारा त्या प्रोग्रामचा नकलनवीसही झाला. पुढे मायक्रोचेस इतर यंत्रांवर गेलं आणि त्याच्या हजारो प्रती खपल्या. आलेला पैसा जेनिंग्स आणि डॅन फिल्स्ट्राच्या पर्सनल सॉफ्टवेअर कंपनीला १९७९ मध्ये व्हिझिकॅल्क बाजारात आणताना कामी आला. आज तहसीलपासून बँकेपर्यंत ज्या कोष्टकांवर कारभार चालतो, त्या कुळाचा मूळपुरुष व्हिझिकॅल्क. त्याच्या भांडवलात एका हरणाऱ्या बुद्धिबळपटूची कमाई आहे.

सार्गनचंही तसंच. डॅन आणि कॅथ स्प्रॅकलेन या नवरा-बायकोने झेड-८० प्रोसेसरसाठी तो लिहिला. मार्च १९७८ मध्ये वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये घरगुती संगणकांची बुद्धिबळ स्पर्धा झाली, ती सार्गनने जिंकली. त्याच वर्षी हेडन प्रकाशनाने त्याची संपूर्ण यादी पुस्तकरूपात छापली. पुस्तक कुणी वाचलं असेल नसेल, पण ते ग्रंथालयांत गेलं, माळ्यांवर गेलं, रद्दीत गेलं तरी रद्दीतून परत आलं. अलीकडे ती यादी आजच्या प्रोसेसरच्या भाषेत ओळीओळीने उतरवली गेली आहे आणि सार्गन आजच्या लॅपटॉपवर खेळतो. चुंबकीय फितीवर नेमकी हीच गोष्ट असती, तर आज तिच्यावर बुरशी असती.

सगळ्यांत अचाट नमुना इंग्लंडचा. डेव्हिड हॉर्नने १ किलोबाइट स्मरणशक्तीच्या झेडएक्स-८१ साठी ६७२ बाइटांत बुद्धिबळ बसवलं आणि 'युअर कॉम्प्युटर' मासिकाने १९८२-८३ च्या अंकांत ते छापलं. इतकं लहान बुद्धिबळ पुढे तीसेक वर्षं कुणाला जमलं नाही. २०१५ मध्ये एका फ्रेंच प्रोग्रामरने ४८७ बाइटांत ते बसवलं, तेव्हा जगाला हॉर्नची आठवण झाली आणि लोक जुने अंक काढून बसले. मासिकाच्या अंकात छापलेला खेळाडू! दिवाळी अंकाच्या संपादकांनी यावर विचार करायला हरकत नाही.

मोठ्या यंत्रांवरच्या प्रोग्रामांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. लॉस अलामॉसमध्ये १९५६ साली मॅनियॅक-१ वर जे बुद्धिबळ खेळलं गेलं, त्याचा पट सहा बाय सहाचा होता. उंटच काढून टाकले होते, कारण यंत्राला पूर्ण पट झेपत नव्हता. १९६७ मध्ये एमआयटीच्या रिचर्ड ग्रीनब्लाटचा मॅक हॅक माणसांच्या स्पर्धेत उतरला. तो विद्यापीठा-विद्यापीठांतून वाटला गेला, म्हणून टिकला. १९७४ मध्ये स्टॉकहोमला संगणकांची पहिली जागतिक स्पर्धा सोव्हिएत रशियाच्या काइसाने जिंकली, तीही ब्रिटिश बनावटीच्या आयसीएल यंत्रावर. शीतयुद्धाच्या ऐन भरात हा योग कसा जुळला हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

*

आपल्याकडे काय झालं?

त्याआधी एक मागची आठवण काढली पाहिजे, कारण भाच्याने किल्लेकोटाची तक्रार केली तेव्हा मला आधी तीच सुचली. आपल्या आजोबांच्या देशी बुद्धिबळातही किल्लेकोट नव्हता. राजाला संपूर्ण डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची, तीही त्याला शह बसला नसेल तरच. प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं जात नसे. शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तेच मोहरं होई, सरसकट वजीर नाही. प्याद्याने दिलेली मात सगळ्यांत मानाची. एकटा राजा उरला की बुर्जी. गावागणिक यात फरक. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना हे नियम सांगावे लागत नसत, म्हणून फारसे कुणी लिहिलेही नाहीत. आंतरराष्ट्रीय नियम आले आणि एकदोन पिढ्यांत देशी खेळ पारावरून उठला.

जे उरलं ते पुन्हा कागदानेच. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींनी 'विलासमणिमंजरी' हा संस्कृत ग्रंथ रचला आणि त्याचा इंग्रजी अवतार १८१४ साली मुंबईत छापून निघाला. पटावरच्या कूट स्थिती आणि त्यांची उकल. शास्त्रीबुवांनी त्या मुद्दाम युरोपीय नियमांना जुळवून घेतल्या होत्या. म्हणजे आपल्या बुद्धिबळाचं एक रूप वाचलं तेही परक्या यंत्रणेवर चालेल असं करून दिल्यामुळे. सार्गनचं जे झालं तेच, दोनशे वर्षं आधी.

संगणकाचा काळ आला तेव्हा कागदाची ही सवय आपण सोडली. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला आणि देशातल्या सुमारे २५० शाळांत ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक आले. किम-१ मधलंच ६५०२ घराण्याचं डोकं, वेग दुप्पट, स्मरणशक्ती ३२ किलोबाइट. त्या संगणकासाठी इंग्लंडमध्ये चांगली बुद्धिबळं निघाली होती. मार्टिन ब्रायंटचा 'व्हाइट नाइट' तर स्पर्धा जिंकलेला खेळाडू. आपल्याकडच्या शाळांत यातलं काय पोचलं, मधल्या सुट्टीत कुणी खेळलं का, एखाद्या गणिताच्या सरांनी बेसिक या संगणकभाषेत स्वतःचं काही लिहिलं का, याचा शोध घ्यायला गेलं की गाडी एका ठरावीक ठिकाणी अडते. शाळेचा संगणक डेड स्टॉक रजिस्टरमध्ये असतो. तो निर्लेखित करायचा तर ठराव लागतो, सह्या लागतात, लिलाव लागतो. त्याच्यासोबतच्या डब्यातल्या फ्लॉप्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतात. मी ज्या एका शाळेत विचारायला गेलो, तिथल्या शिपाईकाकांना संगणक कुणाला, किती रुपयांना गेला हे तोंडपाठ होतं. फ्लॉप्यांचं काय झालं, असं विचारल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले. "ते काय, पोराईनं खेळाले नेल्या असतीन."

यात दोष कुणाचा काढणार? त्या फ्लॉप्यांवर काही मोलाचं आहे असं कुणी सांगितलंच नव्हतं. १९८० आणि ९० च्या दशकांत पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून प्रकल्प म्हणून बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहायला घेणारी पोरं नक्कीच असणार, कारण जगात जिथे संगणक गेला तिथे कुणीतरी हा उद्योग केलाच. प्रकल्पाचा अहवाल काळ्या रेक्झिनच्या बांधणीत, सोनेरी अक्षरांत ग्रंथालयाच्या कपाटात बसतो. मागच्या परिशिष्टात प्रोग्रामची यादी छापलेली असेल, तर तो खेळाडू अजून जिवंत आहे असं समजायला हरकत नाही. नुसती फ्लॉपी खिशात चिकटवलेली असेल तर सांगता येत नाही.

*

आता वडनेरच्या लॅपटॉपमध्ये नेमकं काय होतं ते सांगतो. त्यात किम-१ ची हुबेहूब नक्कल होती. नक्कल म्हणजे चित्र नव्हे. ६५०२ प्रोसेसर जी जी आज्ञा ज्या पद्धतीने पाळायचा ती तशीच पाळणारा दुसरा प्रोग्राम. त्याच्या पोटात जेनिंग्सच्या पुस्तिकेतले आकडे जसेच्या तसे भरले की मायक्रोचेसला कळतच नाही की काळ बदलला. बॉब सुप्निकने सुरू केलेल्या सिमएच प्रकल्पाने पीडीपी घराण्यातल्या जुन्या यंत्रांच्या अशा नकला केल्या आहेत. मेम हा प्रकल्प १९९७ मध्ये आर्केड खेळांसाठी सुरू झाला आणि आज त्यात दुकानांत विकल्या गेलेल्या बुद्धिबळ-यंत्रांची मोठी रांग आहे. फिडेलिटी, मेफिस्टो, नोव्हाग. किम-१ साठी तर 'किम उनो' नावाची हातात मावणारी छोटी पाटीही निघाली आहे, तिच्यात मायक्रोचेस आयतंच भरलेलं.

नकलेत चुका सुधारायच्या नसतात, ही या मंडळींची शिस्त मला फार आवडते. फिडेलिटीच्या १९७७ च्या पहिल्या चेस चॅलेंजरमध्ये पटावरची अक्षरं आणि आकडे उलटे पडले होते. जिथे आकडे हवेत तिथे अक्षरं, जिथे अक्षरं हवीत तिथे आकडे. कंपनीने पुढच्या मॉडेलात ते सरळ केलं. नक्कल करणाऱ्याला मात्र उलटंच ठेवावं लागतं, नाहीतर तो पहिला चॅलेंजर उरत नाही.

वेगाचंही तेच. भाच्याने सुरुवातीला लॅपटॉपच्या पूर्ण वेगाने खेळायला घेतलं. त्याने खेळी दाबली की उत्तर हजर. चारपाच खेळ्यांत तो कंटाळला. "हे त विचारच नाही करत." मग मी वेग १ मेगाहर्ट्झवर बांधला आणि सगळ्यांत वरची पातळी लावली. आता एका खेळीला मिनिट-दीड मिनिट. यंत्राला आधीपेक्षा बरी खेळी सापडली की लाल आकडे क्षणभर लुकलुकतात. भाचा पुढे सरकून बसला. प्रत्येक लुकलुकीला 'आता काय सापडलं याले' म्हणून पटाकडे बघायला लागला. त्याने स्वतः दोनदा खेळी बदलली. प्रोग्राम तोच, आकडे तेच, पण हा दुसरा डाव होता. जपणाऱ्यांपैकी काही जण वेगाला दुय्यम मानतात. त्यांच्याशी माझं पटत नाही. वाट बघायला लावणं हा या खेळाडूच्या स्वभावाचाच भाग आहे.

मायक्रोचेसला इटालियन पद्धतीच्या सुरुवातीच्या नऊ खेळ्या पाठ आहेत. तुम्ही त्याच वाटेने गेलात तर ते सुसंस्कृत खेळतं. भाचा दुसऱ्याच खेळीला वाट सोडून गेला. तिथून पुढे बिचारं स्वतःच्या अकलेवर. त्याने एक प्यादं मोठ्या हिशेबाने मारलं आणि त्या नादात घोडा गमावला. मधल्या काळात भाच्याचा वजीर ज्या ओळीत येऊन उभा राहिला, त्या ओळीचा अर्थ त्याला उमगला तेव्हा फार उशीर झाला होता. भाच्याचं एक प्यादं शेवटच्या घरात पोचलं. यंत्राला त्याचा वजीर करता येत नाही, म्हणून डाव लॅपटॉपवर एक आणि लाकडी पटावर दुसरा अशी स्थिती झाली. भाच्याने पटावरचा खरा मानला.

*

कायद्याचा एक अडसर आहे, तो टाळून चालणार नाही. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक-प्रोग्रामला साहित्यकृतीत बसवलं. हक्क लेखकाच्या हयातीपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं. कादंबरीला हे ठीक आहे, कागद ६० वर्षं निघतो. फ्लॉपी तेवढी निघत नाही. हक्क मोकळे होईपर्यंत माध्यम मेलेलं असतं. ज्या कंपनीकडे हक्क होते ती तीनदा विकली गेली, परवानगी मागायची कुणाकडे तेच ठाऊक नाही, अशी कितीतरी बुद्धिबळं आहेत. जेनिंग्सने आपली यादी लोकांना पाहायला मोकळी ठेवली, हा मोठेपणा झाला. सगळ्यांकडून त्याची अपेक्षा ठेवून व्यवस्था उभी राहत नाही.

विकत घेतलेल्या प्रोग्रामची स्वतःपुरती राखीव प्रत काढायला आपला कायदा मोकळीक देतो. सुरुवात तिथून करता येते. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुना डबा निघाला आणि त्यात सव्वापाच इंची फ्लॉप्या किंवा 'प्रोग्राम' असं लिहिलेल्या कॅसेट सापडल्या, तर आधी त्यांचे आणि त्यांच्यावरच्या लेबलांचे फोटो काढा. हस्ताक्षर, तारीख, पेन्सिलीतली खूणसुद्धा. उन्हात ठेवू नका. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ती फ्लॉपी कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका. तिचाही नाश होतो आणि ड्राइव्हचं डोकं खराब होऊन पुढच्या फ्लॉपीचाही. सव्वापाच इंचीच्या कडेला एक खाच असते, ती चिकटपट्टीने बंद केली की तिच्यावर चुकून काही लिहिलं जात नाही. साडेतीन इंचीवर उलट: कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवायची. कॅसेटचं काम सोपं. तिच्यातला प्रोग्राम म्हणजे दोन सुरांची किरकिर असते. चांगल्या टेपवर लावून ती ध्वनी म्हणून रेकॉर्ड केली तरी पुढे कुणीतरी तिच्यातून आकडे काढू शकतो. फ्लॉपीसाठी ग्रीसविझल नावाची स्वस्त पाटी मिळते. ती फायली वाचत बसत नाही, चुंबकाचे चढउतार जसेच्या तसे उतरवून घेते. आणि डब्यात छापील कागद सापडला, भोकांच्या कडांचा, घड्या घातलेला, तर तो सगळ्यांत आधी बाजूला काढा.

भाच्याने मायक्रोचेसची यादी मागून घेतली आहे. त्याला तिच्यात किल्लेकोट बसवायचा आहे. मी त्याला सांगितलं, मूळ प्रत वेगळी ठेव, नवीला वेगळं नाव दे. जागा पुरणार नाही हेही सांगितलं. तो म्हणाला, "बुर्जी त बसन?"